तिसरा रकाना कुठे आहे? : विज्ञान प्रश्नमंजूषेच्या आयोजक समितीस खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

प्रश्नमंजूषेतल्या 'जिफी म्हणजे किती काळ?' या प्रश्नाच्या निर्णयावर आम्ही दिलेल्या लेखी हरकतीला आपलं उत्तर आलं. एकच ओळ : 'उत्तरसूचीनुसार दिलेला निर्णय अंतिम राहील.' हरकतीत आकडेमोड होती, कोणता आकडा कुठून आला तेही लिहिलं होतं. त्यातलं काय पटलं नाही एवढं जरी आपण कळवलं असतं, तरी मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो. पण एका ओळीशी वाद कसा घालायचा? म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. संस्थेचं नाव घालत नाही. स्पर्धेला आलेल्या शाळांना आणि पालकांना ते ठाऊकच आहे आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडणार नाही.

मी डिचोलीचा. सगळी नोकरी विजेच्या सबस्टेशनांत रिले (बिघाड ओळखणारं उपकरण) आणि ब्रेकर (वीज तोडणारा मोठा स्विच) सांभाळण्यात गेली, आता निवृत्त आहे. माझी नात नववीत शिकते. चौथीपर्यंत ती मराठी शाळेत होती. पुढे हायस्कूलला गेली आणि गोव्यातल्या बहुतेक मुलांसारखं तिचंही विज्ञान इंग्रजीत गेलं. घरी आम्ही दोघं अजून मराठीतूनच बल्ब, चुंबक आणि ग्रहणांबद्दल बोलतो. बाहेर मात्र तिला तशी संधी मिळत नाही. आपली स्पर्धा मराठीतून होते म्हणून ती हौसेने तयारीला लागली, आपण दिलेली पुस्तिका तिने वाचून वाचून चोळामोळा केली. आपल्या स्पर्धेबद्दल मला आस्था नसती तर एवढं लिहिण्याचे कष्ट घेतले नसते, हे आधी सांगून ठेवतो.

झालं ते असं. प्रश्न आला, 'जिफी म्हणजे किती काळ?' नातीने उत्तर दिलं, 'आपल्याकडे सेकंदाचा पन्नासावा भाग, अमेरिकेत साठावा.' सूत्रसंचालकांनी 'चूक' म्हणून प्रश्न पुढच्या संघाकडे दिला. त्यांनी 'शंभरावा भाग' म्हटलं आणि पूर्ण गुण घेतले. पोरगी उठून म्हणाली, 'सर, पण कशातली जिफी?' तिला सांगण्यात आलं, 'बस खाली, वेळ संपली.'

'कशातली जिफी?' एवढाच तिचा प्रश्न होता, आणि या संपूर्ण प्रकरणात विज्ञानाचं म्हणावं असं वाक्य तेवढंच बोललं गेलं.

जिफी हा इंग्रजी बोलीतला शब्द, अठराव्या शतकापासूनचा. 'इन अ जिफी' म्हणजे आपल्याकडचं 'आलोच', 'चुटकीसरशी', 'पापणी लवायच्या आत'. असे शब्द शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी उचलले, कधी गंमत म्हणून, कधी रोज तोच आकडा लिहायचा कंटाळा आला म्हणून, आणि आपापल्या कामापुरतं त्यांना माप चिकटवलं. प्रत्येकाने आपलं माप चिकटवलं. हे स्वयंपाकातल्या 'एक वाटी'सारखं आहे : ज्याच्या घरची रीत, त्याच्या घरची वाटी.

सर्वांत जुन्यांपैकी एक जिफी गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची. १९२६ साली 'फोटॉन' हा शब्द रूढ करणारे तेच हे लुईस. प्रकाशाला निर्वात पोकळीत एक सेंटिमीटर जायला लागणारा वेळ म्हणजे जिफी, असं त्यांनी सुचवलं. तो वेळ सुमारे ३३.३६ पिकोसेकंद येतो. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले तेहतीस. पुढे काही भौतिकशास्त्रज्ञांनी सेंटिमीटरच्या जागी अणुकेंद्राच्या मापाचं अंतर घेतलं, तेव्हा जिफी आणखी कितीतरी लहान झाली. इतकी की सेकंदाला ज्या संख्येने भागायचं तिला चोवीस-एक आकडे लागतात.

विजेच्या जगातली जिफी म्हणजे पुरवठ्याच्या विद्युतप्रवाहाचं एक आवर्तन. भारतात वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणून एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं; अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून १६.७ मिलिसेकंदांचं. जपानमध्ये तर एकाच देशात अर्ध्या भागात ५० आणि अर्ध्या भागात ६०. नातीने हेच उत्तर दिलं आणि तेही प्रदेशासकट. जुन्या कमोडोर संगणकांचं अंतर्गत घड्याळ सेकंदाला ६० जिफी मोजायचं. लिनक्स या संगणकप्रणालीत 'जिफीज' नावाचा मोजक आहे, यंत्र सुरू झाल्यापासून वेळेचे किती टिकटिक ठोके पडले ते तो मोजतो. सुरुवातीला साध्या पीसीवर सेकंदाला शंभर ठोके पडत, म्हणजे जिफी सेकंदाचा शंभरावा भाग. आपल्या उत्तरसूचीतला आकडा बहुधा इथूनच आलेला. पण त्याच लिनक्समध्ये पुढे सेकंदाला हजार ठोके झाले, मग २५०चा पर्याय आला, आणि तो आकडा यंत्र बांधणारा माणूस ठरवतो. म्हणजे ज्या घरातून आपण 'शंभरावा भाग' उचलला, त्या घरातही तो आता कायम नाही.

लुईस यांची जिफी आणि आपल्या सॉकेटातली जिफी यांत फरक किती? सुमारे साठ कोटी पट. 'एक जिफी म्हणजे किती' या प्रश्नाला एकच उत्तर आहे असं समजून एका मुलीला खाली बसवणं कितपत बरोबर आहे, याचा विचार आपणच करावा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सबस्टेशनात आम्ही जिफी म्हणत नसू. आमचा शब्द 'सायकल'. रिले किती सायकलमध्ये उठला, ब्रेकर किती सायकलमध्ये उघडला, हीच आमची भाषा. पावसाळ्यात माडाची झावळ ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारांवर आडवी पडली की घरात दिवा एकदा मिचकावतो आणि लोक म्हणतात 'लाइट गेली, आली'. त्या मिचकावण्यात काय घडलं याचा आलेख आमच्याकडे निघायचा. आधी शांत, एकसारख्या लाटा. मग अचानक चारपट-पाचपट उंच झालेल्या लाटा. त्या उंच लाटा पेन्सिलीने टोक ठेवत मोजायच्या. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि तिथून सपाट रेघ. पाच सायकल म्हणजे १०० मिलिसेकंद. तेवढ्यात फॉल्ट म्हणजे बिघाड ओळखला गेला, ब्रेकरचे संपर्क वेगळे झाले, ठिणगी विझली. एखाद्या वेळी पाचाच्या जागी आठ लाटा दिसल्या तर दुसऱ्या दिवशी त्या ब्रेकरची यंत्रणा उघडायची. बहुतेक वेळा आत ग्रीस वाळून घट्ट झालेलं असायचं. हे आलेख नातीने पाहिले आहेत, स्वतः लाटा मोजल्या आहेत. पन्नासावा भाग तिने पाठ केला नव्हता.

आणि त्यातही बारकावा आहे. ५० हर्ट्झ हा आकडा दगडावर कोरलेला नाही. मागणी वाढली की वारंवारता किंचित उतरते, घटली की चढते. आपल्या देशाच्या ग्रिडने ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखावी असा नियम आहे. ४९.९०ला आवर्तन २०.०४ मिलिसेकंदांचं होतं. कामकाजाचं एकक म्हणून ते चालतं, कारण आमच्या कामाला तेवढी काटेकोरी पुरते. प्रयोगशाळेतल्या सेकंदाची गोष्ट निराळी. सीझियम-१३३च्या अणूतल्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, हे १९६७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. ते गोव्यात, गॅबनमध्ये, ग्रीनलंडमध्ये सारखंच. जिफी आणि सेकंद या दोन गोष्टी एका पंगतीत बसत नाहीत, हे मुलांना सांगणं हेच खरं शिकवणं होतं.

आपली पुस्तिका समोर ठेवूनच लिहितो आहे. 'गमतीदार वैज्ञानिक एकके' या मथळ्याखाली एक चौकट आहे. डाव्या रकान्यात नाव, उजव्या रकान्यात मूल्य. तिसरा रकाना नाही. कुणी ठरवलं, कुठे वापरतात, कोणत्या ग्रंथात आहे, यासाठी जागाच ठेवलेली नाही. माझ्या सगळ्या तक्रारी त्या न छापलेल्या रकान्याच्या आहेत. एकेक घेतो.

पहिली जिफीची, ती वर आली.

दुसरी तक्रार 'शेक'ची. पुस्तिकेत लिहिलंय : 'शेक = १० नॅनोसेकंद. कोकराला शेपटी एकदा हलवायला लागणारा वेळ.' पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळत नाही. १० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात, प्रकाशसुद्धा जेमतेम तीन मीटर जातो. कोकराची शेपटी एवढ्या वेगाने हलली असती तर कोकरू उरलं नसतं. खरी गोष्ट अशी : 'कोकराच्या शेपटीच्या दोन झटक्यांत' हा इंग्रजीतला वाक्प्रचार, अर्थ 'लगेच'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मॅनहॅटन या अणुबॉम्ब प्रकल्पावर काम करणाऱ्यांनी त्यातला 'शेक' उचलला, कारण त्यांना सतत १० नॅनोसेकंदांबद्दल बोलावं लागे. युरेनियमच्या साखळी अभिक्रियेत एका विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, निघालेला न्यूट्रॉन पुढचं विखंडन घडवतो, त्याला साधारण एवढाच वेळ लागतो. प्रत्येक पिढीत संख्या दुप्पट होते असं धरलं तर किलोभर युरेनियम-२३५ संपायला सुमारे ८० पिढ्या लागतात. ८० शेक म्हणजे ०.८ मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहा लाखावा भागही नाही. आणि दुपटीच्या हिशोबाने जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटच्या काही शेकांत बाहेर पडते. नववी-दहावीच्या मुलाला हे सांगा, ते डोळे विस्फारून ऐकेल. दुपटीचं गणितही शिकेल, आणि ज्यांनी हा गमतीदार शब्द वापरला ते काय बनवत होते हेही त्याला कळेल. आपण मात्र त्याला कोकराची शेपटी दिली.

जाता जाता, त्याच काळात त्याच मंडळींनी अणुकेंद्राच्या क्षेत्रफळासाठी 'बार्न' म्हणजे धान्याचं कोठार हे एकक काढलं. पुस्तिकेत ते 'कोठाराएवढे क्षेत्रफळ' असं छापलंय. त्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

तिसरी तक्रार छोटी. 'मोमेंट = अनिश्चित काळ' असं पुस्तिका म्हणते. आज बोलताना तसं आहे खरं. पण मध्ययुगीन युरोपात मोमेंट हा तासाचा चाळिसावा भाग होता, सरासरी दीड मिनिट. आठव्या शतकातल्या बीड या इंग्रज भिक्षूच्या लेखनात तो हिशोब येतो. सरासरी म्हणायचं कारण, त्यांचा तास सूर्योदय ते सूर्यास्ताचा बारावा भाग, म्हणून उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. जिथे माप ठरलेलं होतं तिथे आपण 'अनिश्चित' छापलं, आणि जिथे पाच-सहा मापं आहेत तिथे एकच.

चौथी तक्रार सर्वांत मोठी, आणि ती आपल्या स्वतःच्या शब्दांबद्दल आहे.

पुस्तिकेत 'आपल्या प्राचीन शास्त्रानुसार' असं म्हणून पुढे लिहिलंय, 'एक क्षण = १.२८ सेकंद' आणि 'एक त्रुटी = जवळजवळ एक नॅनोसेकंद; यावरून आपल्या पूर्वजांकडे अणुघड्याळाइतकी अचूक साधने होती हे सिद्ध होते.' यावरही प्रश्न आला होता आणि १.२८ला गुण मिळाले.

आपलं प्राचीन शास्त्र म्हणजे कोणतं? १.२८ हा आकडा निघतो भागवत पुराणातल्या कोष्टकावरून : निमेष म्हणजे पापणी लवण्याचा वेळ; तीन निमेषांचा क्षण, पाच क्षणांची काष्ठा, पंधरा काष्ठांचा लघु, पंधरा लघूंची नाडिका, नाडिका २४ मिनिटांची धरली की क्षण १.२८ सेकंदांचा. ठीक. पण अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडा. तिथे अठरा निमेषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांचा क्षण आणि बारा क्षणांचा मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे क्षण चार मिनिटांचा! आता वसुबंधू या बौद्ध आचार्याचा अभिधर्मकोश घ्या. तिथे १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा मुहूर्त. गणित करा, क्षण येतो सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. अमरकोशातला क्षण अभिधर्मकोशातल्या क्षणाच्या १८ हजार पट मोठा. तिन्ही ग्रंथ जुने, तिन्ही आपलेच. सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी बौद्ध विचार मराठी वाचकांपर्यंत आणण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या गोव्यातल्या मुलांना बौद्ध ग्रंथांतला क्षण वेगळा आहे एवढंही कळू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

त्रुटीचंही तेच. भास्कराचार्यांच्या ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. हिशोब केला तर ती सुमारे ३० मायक्रोसेकंदांची येते. भागवताच्या कोष्टकाने त्याच्या सोळा पट. नॅनोसेकंद कुठल्याच हिशोबाने येत नाही. भास्कराचार्यांची त्रुटीसुद्धा नॅनोसेकंदाच्या जवळजवळ तीस हजार पट मोठी आहे.

आणि 'साधने होती हे सिद्ध होते' हे तर मूळ ग्रंथच मान्य करत नाहीत. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात काळाचे दोन प्रकार सांगितले आहेत : प्राणापासून पुढचा तो मूर्त काळ, आणि त्रुटी वगैरे तो अमूर्त. म्हणजे ज्याचा व्यवहारात हिशोब ठेवता येतो तो निराळा, आणि भागाकार करत करत नुसता कल्पनेने गाठायचा तो निराळा. ज्या माणसाने हे लिहिलं त्याची बौद्धिक शिस्त केवढी असेल! आपण त्याच्या हाती अणुघड्याळ देऊन त्याचाच शब्द खोटा पाडला. पूर्वजांचा मान ठेवायचा तर त्यांनी जे लिहिलं ते वाचावं.

वाचलं तर त्यात मुलांना देण्यासारखं किती आहे. प्राण म्हणजे स्वस्थ माणसाचा एक श्वासोच्छ्वास. दहा गुरू अक्षरं उच्चारायला लागेल एवढा वेळ. सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची घटका, साठ घटकांची दिवसरात्र. म्हणजे प्राण चार सेकंदांचा, दिवसरात्रीत २१,६०० प्राण. आणि वर्तुळाच्या ३६० अंशांत कला किती? (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, अमरकोशातली काळाची कला नव्हे.) ३६० गुणिले ६०, पुन्हा २१,६००. एका प्राणात आकाश एक कला फिरतं, हे आर्यभटाने अर्ध्या ओळीत सांगून ठेवलंय. श्वास, अक्षर आणि आकाश यांची अशी सांगड घातलेलं एकक जगात दुसरं कुठे आहे मला माहीत नाही. मिनिटाला पंधरा श्वास. कुठलंही मूल वर्गात बसल्या बसल्या ताडून पाहू शकतं. हे पुस्तिकेत नाही.

घटका आणि पळ तर नाहीतच, कारण ते बहुधा 'गमतीदार' वाटले नसावेत. अडीच घटकांचा तास, अडीच पळांचं मिनिट, अडीच विपळांचा सेकंद (विपळ म्हणजे पळाचा साठावा भाग). आमच्या जुन्या घरात अजून घटिकापात्र आहे, तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. लग्नाचा मुहूर्त साधायला भटजी ती घंगाळातल्या पाण्यावर सोडत. पाणी आत कारंज्यासारखं बारीक उसळतं, वाटी हळूहळू खाली बसते, काठ पाण्याला लागला की एकदम बुडते. नातीने मोबाइलवर वेळ लावून पाहिली. २४ मिनिटांच्या थोडी आत-बाहेर होते, आणि भोकात क्षार साचले असले की चांगलीच रेंगाळते. चिंच लावून घासली की पुन्हा ताळ्यावर. मोजमापाचं साधन, त्याची चूक आणि त्या चुकीचं कारण, हे तिन्ही एका वाटीत दिसतं. आपल्या स्पर्धेच्या मंचावर ती वाटी ठेवायला मी आनंदाने देईन.

पाचवी तक्रार, जे हवं होतं ते नसण्याची. पुस्तिकेत मायक्रोफोर्टनाइट आहे. पंधरवड्याचा दहा लाखावा भाग, १.२०९६ सेकंद, जुन्या व्हीएमएस संगणकप्रणालीत कुणीतरी थट्टेने घातलेला. असू दे, मलाही हसू आलं. पण फेम्टोसेकंद, म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग, नाही. त्याचाही हजारावा भाग असलेला अॅटोसेकंद नाही. रासायनिक बंध तुटताना पाहता यावेत म्हणून फेम्टोसेकंदांच्या लेसर-झोतांनी अभिक्रिया टिपणाऱ्या अहमद झेवैल यांना १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉनच्या हालचाली टिपण्याइतके आखूड, अॅटोसेकंदांचे प्रकाशझोत निर्माण करणाऱ्या पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउझ आणि अॅन लुलिए यांना २०२३चं भौतिकशास्त्राचं. अतिसूक्ष्म काळावर पान काढायचं आणि त्यात हे नाही? नॅनोसेकंद समजावायलाही सोपी युक्ती आहे. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना सुमारे ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे नेत आणि 'हा घ्या एक नॅनोसेकंद' म्हणून वाटत, कारण तेवढ्या वेळात प्रकाश तेवढंच अंतर जातो. म्हापशाच्या बाजारातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून तार आणली तर सगळ्या स्पर्धकांना एकेक नॅनोसेकंद देऊन उरेल. आपण मुलांना दिलेल्या प्लास्टिकच्या सन्मानचिन्हांपेक्षा ते स्वस्त पडेल, आणि टिकेलही.

शेवटची तक्रार वागणुकीची. चुकीची उत्तरसूची कुणाच्याही हातून होते, त्याबद्दल राग नाही. पण मुलीने शंका विचारली तेव्हा मंचावर विज्ञान विषयाचं कुणी नव्हतं का? असेल तर ते गप्प का राहिले? हरकत घेतली ती पालकांनी गुणांसाठी केलेली कटकट आहे, असा सूर फोनवर लागला. आम्ही गुण मागितलेच नव्हते. आमच्या अर्जात 'दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत' असं होतं, म्हणजे ज्या संघाने शंभरावा भाग सांगितला त्यांचे गुण काढावेत असंही आम्ही म्हटलं नाही. त्या मुलांचा काय दोष? त्यांनी आपली पुस्तिका पाठ केली होती.

मागण्या साध्या आहेत.

जिफी आणि क्षण या दोन्ही प्रश्नांवरचे निर्णय मागे घ्यावेत. प्रश्न संदिग्ध होते असं लेखी जाहीर करावं आणि ते निकालातून वगळावेत. त्याने क्रमांक बदलत असतील तर जे पुढे आहेत त्यांचं बक्षीस परत न घेता मागे पडलेल्यांना बरोबरीने धरावं. आमचा संघ त्यात येवो न येवो.

पुस्तिकेतलं ते पान पुढच्या फेरीआधी बदलावं. चौकटीला तिसरा रकाना जोडावा : कुणी ठरवलं, कुठल्या कामासाठी, कोणत्या ग्रंथात. ज्या एककाचा तिसरा रकाना भरता येत नाही ते छापू नये. 'सिद्ध होते' हे शब्द काढावेत. आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं एकक कोणतं आणि बोलीतून आलेलं कोणतं, हे वेगवेगळ्या चौकटींत द्यावं.

प्रश्न विचारताना संदर्भ प्रश्नातच असावा. 'भारतातल्या वीजपुरवठ्यात एक जिफी म्हणजे किती?' किंवा 'अमरकोशाच्या कोष्टकाने क्षण किती मिनिटांचा?' असं विचारलं की वाद उरत नाही, आणि नुसत्या पाठांतराने उत्तरही येत नाही, गणित करावं लागतं.

मंचावर विषय जाणणारी एक व्यक्ती असावी, आणि स्पर्धकाने शंका घेतली तर त्या शंकेला तिथल्या तिथे अर्धं मिनिट द्यावं. लेखी हरकतीला कारणासहित उत्तर मिळावं. उत्तरसूची स्पर्धेनंतर सर्वांना पाहायला मिळावी, प्रत्येक उत्तराच्या आधारासह.

पुस्तिका सुधारायला हात कमी पडत असतील तर मी विनामोबदला बसेन. दुपारी मोकळाच असतो. संस्कृत ग्रंथांतली कोष्टकं तपासायला आमच्या भागात जाणकार आहेत, त्यांच्याशीही बोललो आहे. माझं नाव छापू नये, श्रेय नको.

या पत्राचं उत्तर मला एकट्याला पाठवू नये. स्पर्धेत भाग घेतलेल्या प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लागेल असं पाठवावं, कारण चुकीची पुस्तिका त्या सगळ्या शाळांत गेली आहे आणि मुलं अजून तीच वाचत आहेत.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता
डिचोली, गोवा